पाचफुलाची पाचवी जोडी

मिरजेच्या नादवस्तू प्रयोगशाळेत सकाळी साडेनऊ वाजता पहिली बासरी वाजली आणि खिडकीत बसलेली दोन कबुतरे एकदम उडाली. दुसरी वाजली तेव्हा समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी खिडकी लावून घेतली. डॉ. सुप्रभा आरवाडे यांनी भात्याचा दाब थोडा उतरवला आणि पाहुण्यांकडे बघून त्या ओशाळे हसल्या.

"आवाज गोड आहे असं मी कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

पाहुणे दोघे होते आणि मेक्सिकोहून आले होते. दोघांच्याही कानामागे हरभऱ्याएवढा भाषासेतू बसवलेला होता, त्यामुळे मराठीतले बोलणे त्यांना स्पॅनिशमध्ये ऐकू येई आणि त्यांचे स्पॅनिश इतरांना मराठीत. डॉ. इत्झेल ओरोपेसा या पुरातत्त्वज्ञ. अकरा वर्षांपूर्वी एका जुन्या कालव्याच्या काठी खोदताना त्यांना दगडी पेटी सापडली होती. तिच्यात मांडी घालून, तोंड आभाळाकडे करून बसलेला वीतभर उंचीचा देव होता. त्याच्या हातापायांवर फुले कोरलेली आणि तोंडाभोवती पांढऱ्या रंगाने हाताचा पंजा काढलेला. शेजारी कासवाच्या पाठीचे एक वाद्य, एक खुळखुळा आणि भाजलेल्या मातीच्या दहा बासऱ्या. बासऱ्या दोन-दोन अशा शेजारी ठेवलेल्या, म्हणजे पाच जोड्या.

देवाचे नाव शोचिपिल्ली, फुलांचा राजपुत्र. अझ्टेक लोकांच्या देवांमध्ये कडक स्वभावाचे देव पुष्कळ, पण हा गाण्याचा, नाचाचा, खेळांचा आणि एकूणच मजेत राहण्याचा देव. त्याच्या दुसऱ्या नावाचा अर्थ पाचफूल असा होतो, आणि प्रयोगशाळेत सगळे त्याला त्याच नावाने ओळखत, कारण मूळ नाव उच्चारताना सगळ्यांची जीभ वळत नसे.

दुसरे पाहुणे श्री. बाल्तासार किरोगा. वस्तुसंग्रहालयांच्या वर्गीकरण मंडळाचे परीक्षक. मिरजेच्या उन्हातही गळ्यात टाय, बुटांना पॉलिश आणि हातात एक सपाट पाटी, जिच्यावर त्यांनी सही केली की निर्णय पक्का.

"मी नियम पुन्हा एकदा सांगतो," किरोगा म्हणाले. "या दहा वस्तू मिळून एक वाद्य आहे, असं सिद्ध झालं तर संच एकत्र राहील. नाही झालं, तर त्या दहा सुट्या वस्तू. पाच वस्तुसंग्रहालयांनी मागणी केली आहे, प्रत्येकाला दोन-दोन जातील. आणि सिद्ध करायचं म्हणजे काय? एकत्र वाजल्यावर असं काही घडलं पाहिजे जे सुटं वाजवून घडत नाही. आणि ते मोजता आलं पाहिजे."

"पाच देशांत जातील त्या," इत्झेल सुप्रभाताईंना म्हणाल्या. "एकदा गेल्या की माझ्या हयातीत परत एकत्र यायच्या नाहीत. मला फार भीती वाटते आहे."

सुप्रभाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनाही वाटत होती.

कारण मोजायचे काम ज्याच्याकडे होते त्या श्रुतधराने आधीच नकार दिला होता. श्रुतधर म्हणजे खोलीभर बसवलेले चौसष्ट ध्वनिग्राहक आणि त्यांनी टिपलेला प्रत्येक आवाज वेगळा करून दाखवणारे गणकयंत्र. त्याचा अहवाल दोन ओळींचा होता: 'दहा कर्कश स्वर. परस्परसंबंध आढळला नाही. निर्मिती सदोष असावी.'

मूळ बासऱ्या इतक्या नाजूक होत्या की त्या वाजवणे शक्यच नव्हते. त्यांचे आतून-बाहेरून किरणचित्रण करून मिरजेत त्रिमितीय मुद्रकावर तशाच मातीच्या प्रतिकृती बनवल्या होत्या, भट्टीत भाजल्या होत्या आणि मग दस्तगीरचाचांच्या हातात दिल्या होत्या. दस्तगीर मुजावर, वय एकाहत्तर. पन्नास वर्षे तंबोरे बनवले, तारा घुमाव्यात म्हणून त्यांच्या घोडीच्या जवाऱ्या काढल्या. प्रयोगशाळेत त्यांचे काम एवढेच, की भट्टीतून आलेल्या वस्तूंच्या कडा, तोंडे, भोके हाताने साफ करायची. ते कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. पाहुणे यायचे म्हणून त्यांनी नवी टोपी घातली होती.

"आता दोन्ही एकदम," सुप्रभाताई म्हणाल्या आणि पहिली जोडी भात्याला लावली.

दोन्ही बासऱ्या एकदम किंचाळल्या. किरोगांनी तोंड वाकडे केले. मग त्यांचे तोंड तसेच राहिले आणि ते इकडेतिकडे बघू लागले.

"कुठे मोटर चालू आहे का?"

"नाही."

"खाली घुमतंय काहीतरी. जाड आवाज. कोणी गुणगुणतंय का?" त्यांनी दस्तगीरचाचांकडे संशयाने पाहिले. चाचांनी तोंड मिटलेले असल्याचे बोट लावून दाखवले.

सुप्रभाताईंनी एक बासरी बंद केली. घुमणे थांबले. ती चालू करून दुसरी बंद केली, तरीही घुमणे नाही. दोन्ही चालू केल्या की ते परत हजर.

"एक बासरी सेकंदाला पंधराशे कंपनं करते," त्या म्हणाल्या, "दुसरी बाराशे साठ. वजा करा."

"दोनशे चाळीस."

"तुम्हाला जे घुमताना ऐकू येतंय ते दोनशे चाळीस आहे. तिसरा स्वर. याला आम्ही वजास्वर म्हणतो. शास्त्राला तो तीनशे वर्षांपासून माहीत आहे, पण कोणी दहा बासऱ्या मुद्दाम त्यासाठी घडवल्या असतील, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. इत्झेलबाईंच्या आलं."

"असं आमच्या तंबोऱ्यात बी हाय की," कोपऱ्यातून चाचा म्हणाले. "गंधाराची तार नसतीच. कुणी छेडत न्हाई, तरी आपसूक गंधार येतोय. स्वयंभू म्हणत्यात त्याला."

"तो गंधार तारेतूनच निघतो चाचा, जवारीमुळे. तो हवेत असतो, म्हणून श्रुतधराला दिसतो. हा हवेत नाहीच." सुप्रभाताईंनी पडद्याकडे बोट दाखवले. तिथे दोनच रेघा होत्या, पंधराशेला आणि बाराशे साठला. दोनशे चाळीसच्या जागी काहीही नव्हते.

"मग आहे कुठे?" किरोगांनी विचारले.

"तुमच्या कानात. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात बारीक केस असलेल्या हजारो पेशी आहेत. आवाज आला की त्या स्वतः हलून त्याला जोर देतात. पण दोन मोठे आवाज एकदम आले की त्यांना ते पुरते वेगळे ठेवता येत नाहीत. त्या दोघांच्या ओढाताणीत तिसरं कंपन तयार होतं. देवाचं गाणं बासऱ्यांमध्ये नाही. बासऱ्या फक्त ते तुमच्या कानाकडून गाऊन घेतात."

इत्झेलच्या चेहऱ्यावर हसू पसरले. किरोगांच्या मात्र नाही.

"म्हणजे भास," ते म्हणाले. "बाई, मलाही ऐकू येतंय, मी खोटं बोलणार नाही. पण भास मोजता येत नाही. नियम..."

"येतो," सुप्रभाताई म्हणाल्या. त्यांनी खिशातून तांदळाच्या दाण्याएवढे दोन ध्वनिग्राहक काढले. "त्या पेशी हलतात तेव्हा कान नुसता ऐकत नाही, बाहेर आवाजही सोडतो. अगदी बारीक. नवजात बाळाला ऐकू येतं की नाही हे दवाखान्यात असंच तपासतात, बाळाच्या कानाचा आवाज ऐकून. एक दाणा टेबलावरच्या या प्लास्टरच्या नकली कानात ठेवते. दुसरा तुमच्या, चालेल?"

किरोगा खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी मान तिरकी केली. टायची गाठ मात्र घट्ट धरून ठेवली, जणू दाताच्या डॉक्टरकडे आले आहेत.

भाता चालू झाला. प्लास्टरच्या कानात दोनच रेघा उमटल्या. किरोगांच्या कानात तीन. तिसरी बारीक होती, पण स्वच्छ होती आणि बरोबर दोनशे चाळीसवर उभी होती.

"हे मी गातो आहे?" किरोगांनी विचारले.

"तुमचा कान गातो आहे."

"मला शाळेत गाण्याच्या तासाला बाहेर बसवायचे," ते म्हणाले आणि परीक्षकाला न शोभेल इतके खूष झाले. मग त्यांच्या ते लक्षात आले आणि ते घसा खाकरून म्हणाले, "पुढची जोडी."

दुसऱ्या जोडीने त्यांच्या कानात दोनशे सत्तर उमटवले, तिसरीने तीनशे वीस, चौथीने तीनशे साठ. प्रत्येक वेळी चाचा स्टुलावरून पुटपुटत होते. "सा. रे. म. प. डॉक्टरीणबाई, सारंग चाललाय ह्यो! आता निषाद येणार बघा."

इत्झेलनी डोळे मिटून घेतले होते. अकरा वर्षे त्या ज्याची वाट पाहत होत्या ते चार स्वर त्यांच्या स्वतःच्या कानात घुमून गेले होते. सुप्रभाताईंनी पाचवी जोडी भात्याला लावली.

निषाद आला नाही. काहीच आले नाही. दोन बासऱ्यांचा मिळून एकच सरळ, कर्कश, एकसंध स्वर खोलीत उभा राहिला. किरोगांच्या कानात एक रेघ, प्लास्टरच्या कानातही एकच रेघ.

"अकराशे दहा आणि अकराशे दहा," सुप्रभाताई हळूच म्हणाल्या. "वजाबाकी शून्य."

त्यांनी भाता बंद केला. किरोगांनी पाटी उघडली, आणि हे करताना त्यांना वाईट वाटत होते हे स्पष्ट दिसत होते.

"चार जोड्या सिद्ध झाल्या. आठ बासऱ्यांचं एक वाद्य, असं मी आनंदाने लिहितो. उरलेल्या दोन सुट्या वस्तू. त्या द्याव्या लागतील."

"पाचफुलाचं एक फूल तोडून देऊ?" इत्झेलचा आवाज चढला. "त्याच पेटीत होत्या त्या! त्याच देवाच्या पायाशी!"

"पेटीत खुळखुळाही होता. मला कान मोजून दाखवा, बाई. मी सही करायलाच बसलो आहे."

सुप्रभाताई मूळ बासऱ्यांचे किरणचित्रण पडद्यावर काढून बसल्या. आतल्या पोकळीची लांबी, तोंडाचा व्यास, त्यावरून निघणारा स्वर. पाचव्या जोडीपाशी त्या थांबल्या, आणि पुन्हा एकदा आकडे तपासले.

"मूळ जोडी अकराशे दहा आणि अकराशे आठ अशी आहे. दोनचा फरक. श्रुतधराने शेरा मारलाय, कारागीर एकच बासरी दोनदा करायला गेला आणि चुकला. पण आपल्या प्रतिकृतीत फरकच नाही. मुद्रकाने तर एवढी चूक करायला नको."

कोपऱ्यात स्टूल करकरले. दस्तगीरचाचांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"चाचा?"

"मुद्रकानं न्हाई केली," चाचा म्हणाले. "म्या केली. म्हंजे चूक न्हाई केली, दुरुस्ती केली. त्या दोघी भांडत होत्या बाई."

"कोण दोघी?"

"त्याच की. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा आम्ही जोड म्हणतो. दोन्ही सा. पर एक केसभर जरी इकडंतिकडं असली तरी भांडत्यात. वांव, वांव, वांव, असं करत्यात. मग खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, भांडण हळू हळू व्हतं, आणि मिटलं की जोड लागली. पन्नास वरसं त्योच धंदा केला. ह्या दोघी वाजवून बघितल्या तर एकमेकींच्या उरावर बसलेल्या. म्हटलं, बिचाऱ्या एवढ्या लांबनं आल्यात. धाकटीचं टोक जरा घासलं, लागली जोड." त्यांनी खाली मान घातली. "तुम्ही म्हणाला होता, नुसत्या कडा साफ करा म्हणून."

सुप्रभाताई तोंड उघडून रागावणार होत्या. शब्दही तयार होते. पण त्यांच्या मनात दुसरेच काही आले आणि त्यांनी विचारले, "किती भरभर भांडत होत्या? मोजून सांगता येईल?"

चाचांनी मांडीवर थाप मारून दाखवले. थाप, थाप, थाप, थाप. सेकंदाला दोन.

"चाचा," सुप्रभाताई उठल्याच, "भांडण परत लावून द्या."

"आँ? मुद्दाम बेसूर करू? ह्या हातानं?"

"मी सांगते म्हणून."

"न्हाई जमायचं बाई. तुम्ही म्हणाल तर नोकरी सोडतो. लावलेली जोड मी मोडत न्हाई. माझ्या बापानं मला पहिल्या दिवशी त्याच्यासाठी मारलं होतं."

इत्झेल त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "मुजावरसाहेब," त्या म्हणाल्या, "त्या आठ बासऱ्या तुम्ही हाताळल्या आहेत. कारागीर कसा होता?"

"एक नंबर," चाचा लगेच म्हणाले. "केसाचा फरक न्हाई. असा माणूस मिरजेत असता तर माझं दुकान बसलं असतं."

"मग त्याला नववी आणि दहावी जुळवता आल्या नसतील?"

 चाचांनी पाचव्या जोडीतल्या बासऱ्या उचलल्या, कानाशी नेल्या, त्यांच्या तोंडांवरून अंगठा फिरवला. 

"आठ एवढ्या नेटक्या करून शेवटच्या दोघींना त्यो झोपला न्हाई," ते शेवटी म्हणाले. "त्यानं ठरवून भांडायला लावलंया."

त्यांनी कानस मागितली. धाकटीचे टोक घासून तिचा स्वर त्यांनी चढवला होता. घासलेली माती परत लावता येत नाही, म्हणून आता थोरलीला घासून तिचा स्वर तेवढाच वर न्यायचा. चार घासा, एक फुंकर. परत चार घासा. त्यांच्या कपाळाला घाम आला होता आणि चेहरा कुणाला तरी उगाच चिमटा काढावा लागतो आहे असा झाला होता. फरक वाढत चालला तसे बासऱ्या एकत्र फुंकताना आवाज लाटांनी फुगू-ओसरू लागला. सावकाश, मग जरा भरभर. सुप्रभाताईंनी हात वर केला. सेकंदाला दोन.

"बास!"

जोडी भात्याला लागली आणि खोलीत तो आवाज सुरू झाला. वांव-वांव, वांव-वांव. किरोगांनी आपल्या कानाची रेघ पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

"तिसरी रेघ दिसत नाही."

"दिसणार नाही," सुप्रभाताई म्हणाल्या. "वजाबाकी फक्त दोन आहे. इतका खालचा स्वर माणसाच्या कानाला स्वर म्हणून ऐकूच येत नाही."

"म्हणजे पाचवा स्वर नाहीच?"

"नाही."

इत्झेलनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. पण सुप्रभाताई उत्तर द्यायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्यांनी पाचवी जोडी तशीच चालू ठेवली आणि तिच्यावर पहिली सोडली. सा घुमला. मग दुसरी, तिसरी, चौथी, परत दुसरी. वर बासऱ्यांचा कल्ला चालला होता, पण काही क्षणांतच कान त्याला सरावले आणि खालून, आतून, त्या चार जाड गोड स्वरांचे गाणे येऊ लागले. पाचवी जोडी त्यांना ठराविक अंतराने उचलून धरत होती.

आवाजात बाहेरचे काही मिसळले की श्रुतधर पडद्यावर लाल अक्षरांत, मराठीत आणि पाहुण्यांसाठी स्पॅनिशमध्ये, तसे कळवत असे. आताही लाल अक्षरे उमटली. किरोगांनी ती सवयीने मोठ्याने वाचली.

"व्यत्यय. चार ठिकाणांहून पावलांचा आवाज. सेकंदाला दोन."

वाचून झाल्यावर त्यांनी खाली पाहिले. त्यांचा पॉलिश केलेला उजवा बूट फरशीवर आपटत होता. इत्झेलची टाच आपटत होती. सुप्रभाताईंची चप्पल, चाचांची वहाण, सगळ्यांचे चालू होते आणि यातल्या एकानेही तसे करायचे ठरवले नव्हते. किरोगांनी बूट थांबवला. दोन क्षण. मग तो परत सुरू झाला.

"ताल," इत्झेल म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या हसत होत्या. "चार जोड्या गाण्यासाठी आणि पाचवी नाचासाठी!"

"एकच वजाबाकी," सुप्रभाताई आवाजावर आवाज काढून म्हणाल्या. "फरक मोठा ठेवला की सूर होतो, लहान ठेवला की ताल होतो. मधे भिंत नाहीच! त्या कारागिराला हे माहीत होतं!"

"मोजलं गेलं," किरोगा म्हणाले. "यंत्रानेच मोजलं. नियमात बसतं." त्यांनी उभ्या उभ्या पाटीवर सही केली. ती नेहमीपेक्षा बरीच वेडीवाकडी आली, कारण त्यांचे खांदेही हलायला लागले होते. मग त्यांनी पाटी खुर्चीवर टाकली, टाय सैल केला आणि इत्झेलपुढे हात केला. दोघे भात्याच्या टेबलाभोवती फिरू लागले. मंडळाच्या परीक्षकाला नाचता येत होते, आणि बरे येत होते.

दस्तगीरचाचा मात्र स्टुलाला धरून उभे होते. पाय चालू होता, पण चेहरा हादरलेला होता.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "म्हंजे जे मी पन्नास वरसं जोडीतनं काढून टाकत आलो, त्यो नाच होता?"

"हो चाचा."

"दर तंबोऱ्यातनं काढला मी. हजार तंबोरे असतील." मग ते असे खदखदून हसले की टोपी पडली. "मग आज समदी थकबाकी नाचून फेडतो की!" आणि त्यांनी एकाहत्तराव्या वर्षी, एक हात कमरेवर आणि एक हात वर करून, पहिली गिरकी घेतली.

पडद्यावर लाल अक्षरे आता भराभरा वाढत होती. पावले, टाळ्या, हसणे, एक शीळ. शेवटी श्रुतधराने सगळी ओळ पुसली आणि नेहमीचा प्रश्न विचारला: 'व्यत्यय दूर करावा का?'

"नको!" चौघेही एकदम ओरडले.